पाटावर बसलेली दोघं

माझ्या मुलीच्या लग्नात माझे काका आणि काकू कन्यादानासाठी पाटावर बसले होते, आणि भरल्या मांडवात त्यांना तिथून उठावं लागलं. उठायला सांगितलं गुरुजींनी. पण ते सांगणार आहेत हे मला तीन दिवस आधीपासून ठाऊक होतं, आणि मी काका-काकूंना एका शब्दानं बोललो नव्हतो. चूक ती, आणि ती माझी. पुढे जे लिहितोय ते तिच्या आगचं-मागचं आहे. सफाई म्हणून कोणी वाचू नये.

माझी बायको गेली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. मी बंगळूरला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. सकाळी सातची कंपनीची बस, घरी यायला अंधार. शाळा सुटली की मुलगी बनशंकरीला काका-काकूंकडे जायची. तिथेच जेवण, तिथेच अभ्यास, शनिवारी मुक्काम. त्यांना मूलबाळ नव्हतं. काका तिला ‘पुट्टी’ म्हणत, कानडीत छोट्या मुलीला म्हणतात तसं. ती स्वतःच्या पगारातून त्यांना मोबाइल घेऊन देण्याइतकी मोठी झाली तरी पुट्टीच राहिली. विधुराला कन्यादानाला बसता येत नाही, जोडपं लागतं. त्यामुळे लग्न ठरलं तेव्हा कन्यादान कोणी करायचं हा प्रश्न आमच्या घरात निघालाच नाही. निदान मला तरी तसं वाटलं होतं.

आता मागचं सांगायला हवं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या बंगळूरचं. चिकपेटेत आजोबांचं कापडाचं दुकान. थोरल्यानं गादीवर बसायचं हे ठरलेलं, आणि हा थोरला हवाई दलात गेला. वैमानिक नव्हे, नॅव्हिगेटर. पायलट पुढे, हे मागे नकाशे घेऊन, कुठे वळायचं ते सांगायला. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचं विमान सीमेपलीकडे पडलं. सोबतच्या विमानातल्यांनी ते जळत खाली जाताना पाहिलं. कोणी बाहेर पडलेलं त्यांना दिसलं नाही. काका बाहेर पडले होते. पायलट पडले नाहीत. काकांचा पाय दोन ठिकाणी मोडला, ताप चढला, त्यांना कुठल्याशा इस्पितळात वेगळं ठेवलं, आणि त्यामुळे कैद्यांच्या पहिल्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. इकडे तार आली ती बेपत्ता असल्याची, आणि आशा ठेवू नये अशा अर्थाची.

आजोबांनी तीन महिने वाट पाहिली. मग घरात कुजबुज सुरू झाली की गती मिळाली नाही तर जीव भटकत राहील. देह सापडला नाही तर आमच्यात पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा माणसाएवढा पुतळा रचायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. काकांचा पुतळा रचला. मुलगा नव्हता, म्हणून अग्नी धाकट्या भावानं दिला, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. दहावं झालं, तेरावं झालं. काकूंच्या बांगड्या फुटल्या, कुंकू गेलं. लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

दोन महिन्यांनी दुकानाच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. इंग्रजीत लिहिलेलं, कारण दुसरी भाषा तपासणाऱ्यांना चालत नसे. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. शेजारच्या बटणांच्या दुकानातल्या मालकानं ते वाचून दाखवलं: मी बरा आहे, पाय जुळतोय, काळजी करू नका. आजोबांनी म्हणे ते त्याला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

पुढे कैदी सुटले आणि काका घरी आले, तर उंबऱ्यावर आजी भाकरतुकडा घेऊन उभी, आणि तिच्या मागे गुरुजी तुपाची घागर घेऊन. ज्याचे दिवस घातले तो परत आला तर त्याला सरळ आत घेत नाहीत. त्यानं पुन्हा जन्मायचं. तुपानं माखून न्हायचं, मग बारसं, मुंज, आणि शेवटी स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न.

काका म्हणाले, “वर्षभर रोज सकाळी मोजणीला उभं राहून मी जिवंत आहे हे शिपायांना सांगत होतो. आता घरी पण सांगू?”

आजोबा म्हणाले, “तासाभराचं काम आहे.”

“मी मेलोच नव्हतो, तर जन्मू कशाला?”

दोघंही हटले नाहीत. त्याच आठवड्यात काका काकूंना घेऊन भाड्याच्या खोलीत गेले. पुढे बनशंकरीला छोटं घर बांधलं. नातं तुटलं नाही, पण पंगत तुटली. सणावाराला ते चिकपेटेत यायचे आणि ओसरीवर वेगळं पान घेऊन बसायचे. आजीच्या श्राद्धाला त्यांनी तिथून हाक मारलेली मला आठवते, “अगं, मेलेल्यांना आधी वाढा की! मी केव्हाचा बसलोय.” आम्ही मुलं हसलो. वडील ताटावरून उठले.

कैदेतलं ते फार सांगत नसत. विचारलं की विनोद करत. एकच गोष्ट त्यांनी मला अनेकदा सांगितली. खोली सात पावलांची होती. पाय जुळल्यावर त्यांनी त्या सात पावलांत घरी चालत यायचं ठरवलं. नॅव्हिगेटर माणूस, नकाशा डोक्यात होताच. रोज येरझाऱ्या मोजायच्या, त्याचे मैल करायचे आणि आज कुठे पोचलो ते ठरवायचं. उन्हाळ्यात राजस्थानात होतो म्हणायचे, पावसाळ्यात गोदावरीला पाणी होतं म्हणून दोन दिवस अलीकडे थांबलो. “सुटका झाली तेव्हा मी दावणगेऱ्याला पोचलो होतो. अजून स्वल्प ठेवलं असतं तर मी आपोआपच दुकानात आलो असतो. फुकट घाई केली त्यांनी.”

मला त्यांचा राग यायचा, हेही लिहायला हवं. शत्रूच्या कैदेत वर्ष काढलेला माणूस बापासाठी एक तास पाटावर का बसू शकत नाही? मग वाटायचं, ज्या बापाचा मुलगा जिवंत परत आला, त्याला तुपाची घागर सुचतेच कशी? दोन्ही बाजूंनी डोकं आपटून घ्यायचं आणि गप्प बसायचं. आमच्या घरात हा विषय कोणी काढतच नसे. काढला की वडील चपला घालून दुकानात जात.

लग्नाच्या दीड महिना आधी, एका रविवारी सकाळी मी बनशंकरीला गेलो होतो. अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे दिवस होते. काका व्हरांड्यात पेपर पसरून शेंगा सोलत बसले होते. मी बसलो तशी त्यांनी अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या.

“अरे, एक विचारायचं होतं. मी म्हणतो, जन्म घ्यावा.”

“काय घ्यावा?”

“जन्म. बारसं, मुंज, लग्न, सगळं एका दिवसात उरकतात म्हणे. फक्त ते तूप. माझ्या कोलेस्टेरॉलला वरून लावलेलं चालतं का, ते डॉक्टरला विचार.”

मी हसलो. ते हसले नाहीत. “खरंच म्हणतोय. पुट्टीचं कन्यादान करायचंय. उद्या कोणी बोट दाखवायला नको. तू गुरुजींना विचार. तुझ्या अप्पाला पण सांग.”

इथे मी काय बोललो ते शब्दन् शब्द आठवतं, कारण बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. “काका, सोडा हो. आपण असलं काही मानत नाही. पन्नास वर्षं तुम्ही ताठ उभे राहिलात आणि आता माझ्या मुलीसाठी वाकणार? मी नाही वाकू देणार. तुम्ही जसे आहात तसे बसा. कोण काय म्हणतं मी बघतो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग कानडीत “सरी,” म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणाले आणि शेंगा सोलू लागले.

कोण काय म्हणतं मी बघतो! लग्न तीन दिवसांवर आलं असताना वडिलांचा फोन आला. मी ऑफिसातून परत येत होतो. बस उड्डाणपुलावर अडकली होती.

“कन्यादानाला अण्णा बसणार म्हणे?” काकांना ते अण्णा म्हणत.

“हो, अप्पा. दुसरं कोण बसणार?”

“त्याचं लग्न उरलेलं नाही. जो गेला त्याचं लग्न संपलं. दानाला जोडपं लागतं. तो जोडपं नाही.”

“अप्पा, काका समोर चालते-बोलते आहेत.”

मग ते म्हणाले, “त्या पानांना मी अग्नी दिलाय. डोक्यापासून पायापर्यंत रचला होता. आई जवळ उभी होती. मी एकोणीस वर्षांचा होतो रे. ते सगळं खोटं होतं असं आता मांडवात सगळ्यांसमोर म्हणू? मग मी येत नाही. तू कर तुझं.”

मी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या वडिलांचं शास्त्राला धरून आहे. तो विधी करून घेतला असता तर प्रश्नच नव्हता, अर्ध्या दिवसाचं काम. आता लग्नाआधी त्या विधीला मुहूर्त नाही. मुलीचे मामा-मामी आहेत ना? त्यांना बसवू. मी म्हणालो, बसवा.

इतकं सोपं झालं ते. मग काकांना कळवायचं उरलं. माझं कामच असं आहे की कुठे काही बिघडलं तर संबंधितांना तासाभरात कळवायचं. टीममधल्या पोरांना मी हे दर महिन्याला ऐकवतो: वाईट बातमी आधी द्या, चांगली राहू दे. पहिल्या दिवशी ठरवलं, फोनवर नको, जाऊन सांगू. दुसऱ्या दिवशी हॉल, फुलं, पाहुण्यांच्या खोल्या. तिसऱ्या दिवशी वाटलं, गुरुजीच सांगतील नीट शब्दांत. त्यांना ते छान जमतं.

लग्नाच्या सकाळी काका सोवळं नेसून आले. दुखऱ्या पायानं पाटावर बसणं जमावं म्हणून त्यांनी आठ दिवस घरी सराव केला होता, हे मला नंतर कळलं. काकू हिरव्या रेशमी साडीत. कोणी सांगायच्या आधीच दोघं पाटावर जाऊन बसली. काकूंनी पदराचं टोक काकांच्या उपरण्याला लावून बघितलं, गाठ पुरते का ते. तेवढ्यात गुरुजी माइकवर म्हणाले, “वधूचे मामा-मामी, कन्यादानासाठी पाटावर या.” आणि माइक बाजूला करून, वाकून, काकांना हळूच काहीतरी म्हणाले.

काकांनी मान वर करून मांडवभर नजर फिरवली. ते मला शोधत होते. मी खांबाजवळ उभा राहून फुलवाल्याशी बोलत होतो. बोलण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला विचारत होतो, हार किती वाजता आणलेस.

काका जमिनीला हात टेकून उठले. काकूंनी त्यांना धरलं. मामा-मामी ओशाळून बाजूला उभे होते. त्यांनाही धड काही सांगितलेलं नव्हतं. मुलगी तेव्हा आतल्या खोलीत गौरीहरापाशी होती. तिला बाहेर आणलं तेव्हा पाटावर मामा-मामी बघून तिनं मला विचारलं, “बनशंकरीचे आजोबा कुठायत?” मी म्हणालो, “त्यांचा पाय दुखतोय गं. त्यांनीच सांगितलं.” एक लबाडी झाकायला दुसरी. काका-काकू जेवायच्या आधीच गेले. रिक्षानं. मी त्यांना गाडीसुद्धा दिली नाही, कारण गाडी द्यायची तर त्यांच्यासमोर जावं लागलं असतं.

त्यानंतर मी पाच महिने बनशंकरीला गेलो नाही. फोन करायचो तो काकू स्वयंपाकात असतील आणि काका झोपले असतील अशा वेळी. उचलला गेला नाही की बरं वाटायचं. मुलीला खरं काय ते मामींकडून कळलं. तिनं मला एकच विचारलं, “तुम्हाला काय झालं असतं, बाबा? नक्की काय झालं असतं?” याचं उत्तर मी अजून शोधतोय. वडील रुसले असते. चार लोक बोलले असते. याहून मोठं काही सापडत नाही, आणि चीड येते ती त्याचीच. काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

मग काकांना न्यूमोनिया झाला. नऊ दिवस हॉस्पिटलात होते. सातव्या दिवशी दुपारी काकू जेवायला घरी गेल्या होत्या, मी एकटा शेजारी बसलो होतो. काका जागे होते, छताकडे बघत होते. त्यांचं ऐकायचं यंत्र कानातून काढून टेबलावर ठेवलेलं होतं; त्याशिवाय त्यांना हळू बोललेलं ऐकू जात नसे. मला ते दिसत होतं. हात लांब केला असता तर देता आलं असतं. मी ते दिलं नाही. खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू म्हणालो, “काका, माझं चुकलं.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओठ हलताना पाहिले असतील, आणि हात किंचित वर करून पुन्हा पांघरुणावर ठेवला. त्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला आणि हलका होऊन घरी गेलो. दोन दिवसांनी ते गेले.

दाहिनीपाशी वडील काठी टेकून उभे होते. अग्नी कोणी द्यायचा असं विचारल्यावर ते म्हणाले, “मी नाही. मी दिलाय एकदा.” आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागले. मी पुढे झालो. काकू म्हणाल्या, “या वेळी खरंच गेलेत. नीट करा.” आम्ही सगळं नीट केलं. जिवंतपणी त्यांच्यासाठी जे अर्ध्या दिवसात झालं असतं, त्याला मी नाही म्हटलं होतं. मेल्यावर तेरा दिवस काही राहून जाऊ नये म्हणून धावत होतो.

तेराव्याला दुपारी बनशंकरीच्या घरातून पाहुणे गेले. बाहेरच्या खोलीत वडील आरामखुर्चीत बसले होते, मुलगी पाहुण्यांची ताटं उचलत होती. काकू स्वयंपाकघरात पाटावर बसून उरलेलं अन्न डब्यांत भरत होत्या. मी समोर बसलो आणि त्यांना हॉस्पिटलातलं सांगितलं. यंत्राचंही सांगितलं.

“मग मला काय सांगतोस?” त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. “मी वर गेले की निरोप देऊ त्यांना?”

“त्यांची माफी मागायची राहिली, काकू.”

“त्यांची.” त्यांनी डबा बाजूला ठेवला. “पाटावर ते एकटेच बसले होते का रे?”

मी पुढचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

“तुझे आजोबा हट्टी, तुझे काका हट्टी. दोघांचं सगळ्यांना माहीत. मला काय हवं होतं ते कोणी विचारलं? विशीत माझ्या बांगड्या फोडल्या, अंगणात, सगळ्यांसमोर. आणि कार्ड आलं तेव्हा सासूबाईंनी कुंकू लावलं ते दाराआड. चोरून लावतात तसं. मला हवं होतं ते लग्न. तूप म्हणा, काही म्हणा. सगळ्यांसमोर घालवलं, ते सगळ्यांसमोर परत द्यायचं. पण हे म्हणायचे, मी मेलोच नव्हतो. खरंच होतं त्यांचं. मी मात्र विधवा झाले होते. ते खोटं नव्हतं.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“बोलले की. पन्नास वर्षांनी बोलले, पुट्टीचं लग्न ठरलं तेव्हा. ते दोन दिवस गप्प बसले आणि मग म्हणाले, चल, करू. म्हणून तुला विचारलं त्यांनी त्या रविवारी. पुट्टी निमित्त. ते माझ्यासाठी विचारत होते. आणि तू म्हणालास, आपण असलं काही मानत नाही. आपण म्हणजे कोण रे? मी होते का त्यात?”

पन्नाशीच्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. मी इतके महिने एका माणसाचा अपराधी म्हणून फिरत होतो, आणि हे तेरा दिवस दुसरं माणूस रोज मला चहा करून देत होतं. मी तिथेच हात जोडले.

“इथे नको,” काकू म्हणाल्या. “स्वयंपाकघरात खूप झालं माझं. बाहेर चल.”

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. वडिलांनी मान वर केली. मुलीनं हातातली ताटं तशीच धरली. या वेळी मी हळू बोललो नाही.

“काकू, तुमचं लग्न तुम्हाला परत हवं होतं आणि काका ते द्यायला तयार होते. मी तुम्हाला न विचारताच नाही म्हटलं. मग अप्पांच्या धाकानं मी मामा-मामींना बसवायला होकार दिला, तीन दिवस तुमच्यापासून लपवलं, आणि गुरुजींनी तुम्हाला उठवलं तेव्हा खांबाआड उभा राहिलो. मुलीशी खोटं बोललो. काकांची माफी मागितली तीसुद्धा त्यांना ऐकू जाणार नाही अशी. यात अप्पांची चूक नाही, गुरुजींची नाही. माझी आहे. तुम्ही दोघं जोडपं होतात, आणि मी सगळ्यांसमोर तुम्हाला ते नाही असं ठरू दिलं. माझं चुकलं, काकू. मला माफ करा.”